सॉलिसिटरची फर्म बंद, घराचे पैसे आत: अशा वेळी एसआरए नेमकं काय करते?

रेवा_रीडिंग

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

माझे धाकटे दीर आणि जाऊबाई इथे इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतायत. सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद आणि पैसे हाताळणारा वकील, ओळखीतून मिळालेला, छोट्या फर्मचा. सुरुवातीला त्याने पैसे कुठून आले याचे इतके कागद मागितले की घरातले सगळे वैतागले. सासऱ्यांनी साताऱ्याजवळचा जमिनीचा तुकडा विकून पैसे पाठवले होते. त्याचं खरेदीखत, सातबारा, बँकेची स्टेटमेंट्स, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, सगळं दिलं. मग डिपॉझिट म्हणून घराच्या किमतीचे दहा टक्के फर्मच्या क्लायंट अकाउंटमध्ये, म्हणजे अशिलांचे पैसे ठेवायच्या खात्यात, भरले. त्यानंतर एक्स्चेंजची, म्हणजे सह्या केलेल्या करारांच्या अदलाबदलीची, तारीख सारखी पुढे जात राहिली. आता फोन लागत नाही, ईमेलला उत्तर नाही. दीर स्वतः जाऊन आले तर दाराला आतून कागद चिकटवलेला: सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीने (एसआरए) हस्तक्षेप केला आहे, पुढचा संपर्क अमुक एका दुसऱ्या फर्मशी करावा.

एसआरए हे नाव आम्ही फक्त लेटरहेडच्या तळाशी वाचलेलं. ही सरकारी संस्था आहे की वकिलांची संघटना? ती आमच्या बाजूने आहे का? पैसे परत मिळतील का? सासऱ्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर कृपया लिहा.

---

लीड्सकर_वकील

रेवाताई, मी इथे सॉलिसिटर आहे, बरीच वर्षं घरखरेदीचंच काम करतो. आधी दिराला एक विचारा: एक्स्चेंज झालं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून नसावं. तसं असेल तर मोठ्या संकटातून वाचलात. एक्स्चेंज झाल्यावर करार बंधनकारक होतो आणि ठरल्या दिवशी पैसे पोचले नाहीत तर डिपॉझिट जप्त होण्याची वेळ येऊ शकते. तुमचं घर अजून हातचं गेलेलं नाही.

आता हस्तक्षेप म्हणजे काय ते सांगतो. सॉलिसिटर्स अ‍ॅक्ट १९७४ मध्ये नियामकाला हा अधिकार आहे. अप्रामाणिकपणाचा संशय, पैशांच्या हिशोबाचे नियम मोडणं, दिवाळखोरी, एकट्याने फर्म चालवणाऱ्याचा मृत्यू, असं काही असेल तर एसआरए फर्मचा ताबा घेऊ शकते. त्यासाठी आधी कोर्टात जावं लागत नाही. फर्मला हरकत असेल तर आठ दिवसांत हायकोर्टात जायचं. त्या क्षणापासून क्लायंट अकाउंटमधले पैसे फर्मच्या हातातून जातात आणि ट्रस्ट म्हणून राखले जातात. फायली ताब्यात घ्यायला एसआरए दुसरी एक फर्म नेमते. काचेवरच्या कागदावर नाव आहे ती हीच.

ही नेमलेली फर्म तुमची वकील नाही. ती तुमचं घर पुढे नेणार नाही. तुमची फाइल शोधणं, ती तुम्हाला किंवा तुमच्या नव्या सॉलिसिटरला देणं आणि पैशांचा हिशोब लावायला मदत करणं, एवढंच तिचं काम. तेव्हा आजच्या आज नवा सॉलिसिटर धरा आणि त्याच्यामार्फत लेखी फाइल मागवा. मॉर्गेज ऑफरची मुदत कधी संपते तेही बघा. पैसे सुटेपर्यंत ती संपली तर बँकेकडे वाढवून मागावी लागेल, आणि ते मुदतीच्या आत मागितलेलं बरं.

पैसे खात्यात पूर्ण असतील तर हिशोब जुळल्यावर ट्रस्टमधून परत येतात. तूट असेल तर एसआरएच्या कॉम्पेन्सेशन फंडाकडे अर्ज करायचा. एका दाव्याला कमाल मर्यादा पाच लाख पौंड, त्यामुळे तुमचं डिपॉझिट त्यात बसेल. नुकसान कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. मात्र हा फंड हक्काचा नाही, ऐच्छिक आहे. म्हणजे प्रत्येक अर्ज तपासून मग ठरवतात. वैतागून दिलेले ते सगळे कागद आता कामी येतील. पैसे कधी, कुठून, कुठल्या खात्यात गेले याची साखळी तुमच्याकडे तयार आहे.

---

रेवा_रीडिंग

खूप खूप आभार. एक्स्चेंज झालेलं नाही, दिराला विचारून खात्री केली. तुमचा प्रतिसाद वाचून जाऊबाईंनी पहिल्यांदा नीट जेवण केलं.

---

डॉनव्हॅली

रेवाताईंच्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे सरकारी संस्था की संघटना याला, उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. मी डॉनकास्टरच्या बाजूला डॉक्टर आहे आणि हा इतिहास माझ्या पेशंटांच्या आयुष्यातून गेलेला आहे.

इथे सॉलिसिटरांची संस्था म्हणजे लॉ सोसायटी. १८२५ ची स्थापना, लंडनच्या चॅन्सरी लेनमध्ये ऑफिस. वकिलांच्या हिताची बाजू मांडायची ती हीच, आणि वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकायच्या त्याही हिनेच. अनेक वर्षं असंच चाललं. त्याची किंमत कुणी मोजली ते आमच्या भागात दिसलं. कोळशाच्या खाणीत राबलेल्या माणसांना फुप्फुसाचा आजार आणि ड्रिलच्या कंपनाने बोटं पांढरी पडण्याचा विकार, यांच्यासाठी सरकारने भरपाईची योजना आणली. वकिलांची फी सरकारच वेगळी देत होतं. तरीही काही फर्म्सनी या म्हाताऱ्या, दम लागलेल्या माणसांच्या भरपाईतून वर आपला हिस्सा कापला. कापलेली रक्कम काहींना कळलीसुद्धा नाही. तक्रारी गेल्या तेव्हा लॉ सोसायटीकडून दाद मिळायला फार उशीर झाला, आणि याबद्दल पार्लमेंटमध्ये खासदारांनी उघड राग व्यक्त केला. शेवटी २००८ मध्ये आमच्याकडच्या एका फर्मच्या दोन भागीदारांची नावं सॉलिसिटरांच्या यादीतून कायमची काढली गेली. तोवर काही पेशंट गेलेही होते.

तक्रारी हाताळण्याचा हा कारभार आधीच टीकेचा विषय झालेला होता. सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी डिसेंबर २००४ मध्ये अहवाल दिला: वकिलांची बाजू मांडणं आणि वकिलांवर लक्ष ठेवणं ही दोन कामं वेगळी करा. त्यातून लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट २००७ आला, आणि त्याच वर्षी जानेवारीत एसआरए सुरू झाली. तिच्यावर देखरेखीला लीगल सर्व्हिसेस बोर्ड. लॉ सोसायटी संघटना म्हणून राहिली.

म्हणून एसआरए सरकारी खातं नाही आणि संघटनाही नाही. तिचा खर्च वकिलांच्या वर्गणीतून चालतो, पण तिने राखायचं ते ग्राहकाचं आणि समाजाचं हित. हे वेगळेपण मिळवायला आमच्या खाणकामगारांनी मोठं मोल दिलंय, एवढं लक्षात असू द्या.

---

फोर्टमधला

वरचा प्रतिसाद फार मोलाचा. मी मुंबईत एका जुन्या सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करतोय, म्हणून आपल्याकडचं चित्र शेजारी ठेवतो.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात तिथे, पूर्वी इंग्लंडसारखीच विभागणी होती. अशिलाला भेटून कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा काउन्सेल वेगळा. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी, म्हणजेच सॉलिसिटर, हा कायद्यातला स्वतंत्र वर्ग संपला. आज मुंबईतला सॉलिसिटर कायद्याने अ‍ॅडव्होकेटच असतो. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा अजून आहे, तिला मानही मोठा आहे, आम्ही रात्ररात्र जागून अभ्यास करतो. पण शिस्तीचा अधिकार तिच्याकडे नाही. तो महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तिथून अपील थेट सुप्रीम कोर्टात.

आणि बार कौन्सिलचे सदस्य कोण निवडतं? वकीलच. डॉनव्हॅली यांनी सांगितलेली जी अडचण इंग्लंडने २००७ मध्ये सोडवली, ती आपल्याकडे तशीच उभी आहे. ज्यांच्या मतांवर निवडून यायचं त्यांच्यावरच कारवाई करायची. शिवाय १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे ग्राहक मंचाचा रस्ताही बंद. वकिलाने अशिलाचे पैसे बुडवले तर भरून देणारा, इंग्लंडसारखा फंड आपल्याकडे नाही. वेल्फेअर फंड आहे, पण तो वकिलांसाठी. उद्या मी सनद घेईन तेव्हा माझ्या अशिलाला मी ही सुरक्षा देऊ शकणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

खडकवासला

फोर्टमधला यांचं म्हणणं पटतं, पण इंग्लंडचं जरा जास्तच कौतुक चाललंय. अ‍ॅक्सिऑम इन्सचं काय? नियामक वेगळा असूनही ते झालंच ना.

---

लीड्सकर_वकील

खडकवासला, प्रश्न अगदी रास्त आहे. त्यावर बोललंच पाहिजे, कारण आमच्या धंद्याला ती जखम अजून दुखते.

अ‍ॅक्सिऑम ही एक छोटी फर्म होती. २०२३ मध्ये तिने आधी बुडालेली इन्स ही जुनी नामांकित फर्म घेतली, मग आणखी एक घेतली. काही महिन्यांत शेकडो लोकांची फर्म झाली. क्लायंट अकाउंटमधले सहा कोटी पौंडांहून जास्त पैसे गायब असल्याचं त्या उन्हाळ्यात बाहेर आलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये एसआरएने फर्म बंद केली. माझ्या ओळखीचे चांगले, प्रामाणिक वकील एका दिवसात बेकार झाले. घराच्या किल्ल्या मिळायच्या दिवशी फर्म बंद, अशीही कुटुंबं होती. लीगल सर्व्हिसेस बोर्डाने बेलफास्टच्या एका फर्मकडून स्वतंत्र चौकशी करवली. २०२४ मध्ये आलेल्या त्या अहवालाने स्पष्ट ठपका ठेवला: एसआरएने जितकी तत्परता आणि परिणामकारकता दाखवायला हवी होती तितकी दाखवली नाही. एवढीशी फर्म एवढ्या मोठ्या फर्म्स कशी गिळतेय, हा प्रश्न वेळेत विचारला गेला नाही.

त्याच सुमारास शेफील्डची एसएसबी ही फर्मही बुडाली. भिंतींच्या पोकळीत चुकीचं इन्सुलेशन भरलेल्या घरमालकांचे हजारो दावे तिने "जिंकलो नाही तर फी नाही" म्हणून घेतले होते. फर्म पडल्यावर या साध्या माणसांच्या दारात समोरच्या बाजूच्या खर्चाची बिलं येऊन पडली. त्यांना सांगितलेलं असायचं की विमा आहे, काळजी नको.

भरपाईचा बोजा शेवटी सगळ्या धंद्यावर आला. फंडाची वार्षिक वर्गणी २०२४ मध्ये प्रत्येक सॉलिसिटरला ३० पौंडांवरून ९० झाली, फर्मला ६६० वरून २,२२०. मी ती भरली आणि मला तिचं दुःख नाही. माझ्या नावापुढे सॉलिसिटर लागतं म्हणून अनोळखी माणूस मला आयुष्यभराची पुंजी पाठवतो. त्याला कुणा माझ्याच व्यवसायबंधूने फसवलं तर मी भरायला हवंच. दुःख याचं आहे की हे वेळीच थांबवता आलं असतं. नियामक वेगळा हवाच, पण त्याने फर्मचे हिशोब पुढ्यात ओढून बघायलाही हवेत. नुसतं ऑडिटरच्या कागदावर विसंबून चालत नाही.

---

एसक्यूई_पुणे

मी आयएलएसमधून एलएलबी केलं, आता एसक्यूईची (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झॅमिनेशन) तयारी करतेय. एसआरएचं आणखी एक काम इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते: सॉलिसिटर कोणी व्हायचं हेही तीच ठरवते. सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही एकच परीक्षा नव्याने सुरुवात करणाऱ्या सगळ्यांना. पहिल्या भागात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्यं: अशिलाची मुलाखत, मसुदा, युक्तिवाद. दोन्हीची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे इथल्या पगारावर मोठा घास. परीक्षेशिवाय चारित्र्याची छाननी असते. जुनी दिवाळखोरी, कॉपीचं प्रकरण, गुन्हा, सगळं स्वतःहून सांगावं लागतं.

२०२४ च्या जानेवारीच्या परीक्षेत गुण काढताना चूक झाली आणि १७५ जणांना पास असून नापास कळवलं गेलं. काहींच्या हातातल्या नोकऱ्या धोक्यात आल्या. परीक्षा घेणारी कंपनी वेगळी, पण तिला नेमणारी एसआरएच. आम्हा परीक्षार्थींकडून एवढा प्रामाणिकपणा मागणाऱ्या संस्थेने आपल्या कंत्राटदाराकडूनही तेवढीच काटेकोर अपेक्षा ठेवावी, एवढंच म्हणणं आहे.

---

स्लाव_मीनल

माझा वेगळा प्रश्न. आमच्या सॉलिसिटरने पैसे खाल्ले नाहीत, पण महिनोन्‌महिने काम रखडवलं, फोन उचलला नाही आणि शेवटी ठरल्यापेक्षा जास्त बिल लावलं. एसआरएकडे लिहिलं तर उत्तर आलं की हे आमच्याकडे येत नाही. मग यांचा उपयोग काय?

---

लीड्सकर_वकील

मीनलताई, तुमचा संताप समजतो. पण तुमचं काम लीगल ओम्बड्समनचं, म्हणजे सेवेबद्दलच्या तक्रारी सोडवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचं आहे.

एसआरए वर्तन बघते: अशिलाचे पैसे स्वतःसाठी वापरले, खोटं बोलला, हितसंबंध लपवले, अशा गोष्टी. उशीर, निष्काळजी सेवा, बिल हे ओम्बड्समनकडे. आधी फर्मकडे लेखी तक्रार द्या, तिला आठ आठवडे असतात. समाधान झालं नाही तर त्यांच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जा. मूळ घटना घडून किंवा ती तुम्हाला कळून एक वर्षाच्या आत असायला हवी, म्हणून वाट बघत बसू नका. ते बिल कमी करायला लावू शकतात, माफी मागायला लावू शकतात, पन्नास हजार पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतात. ग्राहकाला यासाठी काही पैसे पडत नाहीत.

गंभीर प्रकरणं एसआरए सॉलिसिटर्स डिसिप्लिनरी ट्रिब्युनलपुढे नेते. ते एसआरएपासूनही स्वतंत्र आहे: दोन सॉलिसिटर आणि एक सामान्य नागरिक. निलंबन, अमर्याद दंड किंवा यादीतून नाव काढणं, हे ते करू शकतं. १९९० च्या दशकातला बोल्टन खटला आमच्या पिढीला पाठ आहे. त्या सॉलिसिटरने क्लायंटच्या खात्यातले पैसे घरच्यांच्या व्यवहारात भलत्या वेळी सोडले होते. खालच्या कोर्टाने दया दाखवून निलंबनाऐवजी दंड ठेवला. अपील कोर्टाने निलंबन परत लावलं आणि सांगितलं की अशा शिक्षेत एका माणसाच्या सोयीपेक्षा सगळ्या व्यवसायावरचा लोकांचा विश्वास मोठा. मला हे कठोर वाटतं आणि बरोबरही वाटतं.

---

नीता_हॅरो

आईवडिलांचं मृत्युपत्र करायचं होतं. घरी येऊन स्वस्तात करून देणारा एक गृहस्थ भेटला. एसआरएच्या यादीत नाव शोधलं तर नाही. विचारलं तर म्हणाला, मृत्युपत्राला सॉलिसिटर लागतच नाही. खरं आहे का?

---

लीड्सकर_वकील

दुर्दैवाने खरं आहे. घराच्या नोंदणीचे कागद, कोर्टाचं काम, प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी मिळवणं) यांसारखी काही कामंच कायद्याने राखीव आहेत. मृत्युपत्र लिहिणं त्यात नाही. तो माणूस स्वतःला सॉलिसिटर म्हणवत असेल तर मात्र गुन्हा आहे. त्याच्याकडून काम बिघडलं तर एसआरए नाही, फंड नाही, ओम्बड्समनही बहुधा नाही. म्हाताऱ्या माणसांना घरी येणारा माणूस सोयीचा वाटतो, पण मृत्युपत्रातली चूक कळते तेव्हा विचारायला ते नसतात. दोन पैसे जास्त द्या आणि यादीतल्या माणसाकडून करा.

घर घेणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो: कन्व्हेयन्सर, म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम करणारा, सॉलिसिटर नसून लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही असू शकतो. त्याचा नियामक वेगळा आहे, कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स, आणि तेही पूर्ण कायदेशीर. फक्त कोण कुणाच्या यादीत आहे ते आधी बघा. वेबसाइटवरचं एसआरएचं चिन्ह क्लिक केलं की ते एसआरएच्या पानावर उघडायला हवं. नुसतं चित्र असेल तर सावध व्हा. आणि बँक खात्याचा नंबर "बदलला आहे" असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. आधी माहीत असलेल्या नंबरवर फोन करून तोंडी खात्री करा. चोरटे शुक्रवार दुपार मुद्दाम गाठतात, कारण बरेच व्यवहार त्याच दिवशी पुरे होतात.

---

खडकवासला

एक शेवटचा प्रश्न. वकिलांच्या हातात लोकांचे पैसे द्यायचेच कशाला? २०२४ च्या अखेरीस एसआरएनेच यावर मतं मागवली होती असं वाचलं. पैसे तिसऱ्याच, देखरेखीखालच्या खात्यात ठेवले तर अ‍ॅक्सिऑमसारखं काही होणारच नाही.

---

फोर्टमधला

मला ही कल्पना पटते. भारतातही हे आधी करता येईल. बार कौन्सिल बदलायला वर्षं लागतील, पण अशिलाचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्याच तटस्थ खात्यात, ठेवायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. माझ्या फर्ममध्ये मोठ्या व्यवहारात असं करताना मी पाहिलंय. एक खोली घेणाऱ्या माणसालाही ते मिळायला हवं.

---

लीड्सकर_वकील

इथेही अशी खाती आज वापरता येतात, फार कमी फर्म्स वापरतात. कारण उघड बोलायला हवं. क्लायंट अकाउंटवरच्या व्याजाचा बराच भाग अनेक फर्म्स स्वतःकडे ठेवतात आणि व्याजदर वाढल्यापासून ती मिळकत मोठी झालीय. माझे कित्येक सहकारी या बदलाच्या विरोधात आहेत. त्यांचा एक मुद्दा खरा आहे: एका दिवसात एकमेकांवर अवलंबून असलेल्या पाच-सहा घरांच्या खरेदी-विक्रीची साखळी पुरी करायची असते, सकाळी आलेले पैसे तासाभरात पुढे जावे लागतात, आणि तिसरं खातं मध्ये आलं की ती गती सांभाळणं अवघड. तरी मी मत कळवताना लिहिलं की डिपॉझिटसाठी ही सक्ती करा. डिपॉझिट घाईचं नसतं, आठवडेच्या आठवडे पडून असतं, आणि चोरीला वाव असतो तो नेमका तेवढ्या काळात.

रेवाताई, नव्या सॉलिसिटरला हेच विचारा: पुढचं डिपॉझिट तिसऱ्या खात्यात ठेवता येईल का? नाही म्हणाला तर कारण लेखी मागा. फंडाच्या अर्जाचा मसुदा तयार झाला की मला व्यक्तिगत संदेशात पाठवा, मी वाचून देतो.